तुळईवरचा हात

“म्हणजे आजही नाही?”

जयवंतने विचारलं, आणि विचारता विचारता त्याला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला.

समोरच्या म्हाताऱ्याने वाडग्यातून एकच शेवई दोन काड्यांनी उचलली होती. ती तोंडात घोळवली, सावकाश चावली, गिळली. मग दोन्ही काड्या खाली ठेवल्या.

“यावर कोणी उभं राहिलेलं नाही,” म्हातारा म्हणाला.

आणि उठून वाडगा मागच्या अंगणात, कोंबड्यांच्या घमेल्यात ओतून आला.

सव्वीस महिने हेच चाललं होतं. जयवंतच्या हातचं जेवढं त्या कोंबड्यांनी खाल्लं होतं, तेवढं पुण्यातल्या एकाही आमदाराने खाल्लं नसेल.

“खांदा कसा आहे?” म्हाताऱ्याने आत जाता जाता विचारलं.

“ठीक आहे.”

हेही रोजचंच.

जपानमध्ये शिकोकू नावाचं बेट आहे. तिथल्या एका खेड्यात, भातशेतांच्या मधोमध, मोरिकावांचं उदोनचं दुकान होतं. उदोन म्हणजे गव्हाच्या पिठाच्या जाडजूड, पांढऱ्या, ताज्या शेवया. सकाळी पीठ मळायचं, दुपारपर्यंत खायला घालायचं, संपलं की दार लावायचं. आत आठ माणसं बसतील एवढी जागा. पण त्या आठ जागांसाठी लोक दोन-दोन गावं ओलांडून यायचे.

मोरिकावांना सगळे ताइशो म्हणत. दुकानाचा जो मालक आणि गुरू, तो ताइशो. वय एकोणऐंशी. रस्सा त्यांची बायको करायची, सुमिएबाई. तिसरा माणूस जयवंत.

जयवंत हुद्दार कऱ्हाडचा. पुण्याच्या एका बड्या हॉटेलात मुख्य शेफ होता. हाताखाली चाळीस माणसं. कुठल्याही ताटाकडे नुसतं बघून मीठ किती कमी आहे ते सांगायचा, आणि सांगितल्याशिवाय राहायचा नाही. फिरत फिरत एकदा या दुकानात आला, कोपऱ्यात बसून एक वाडगा उदोन खाल्लं. वाडगा रिकामा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण एकही चूक काढली नाही. असं गेल्या पंधरा वर्षांत झालं नव्हतं.

वर्षभराने नोकरी सोडून तो पुन्हा आला.

“मला सहा महिने पुरेत,” त्याने ताइशोंना सांगितलं होतं.

ताइशोंनी तेव्हा फक्त मान हलवली होती. ती होकाराची होती की कीव केल्याची, हे जयवंतला अजून कळलेलं नव्हतं.

काम तसं सोपं. पिठात मिठाचं पाणी घालायचं, गोळा करायचा, तो जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, वर चटई टाकायची आणि अनवाणी पायांनी तुडवायचा. मग तासभर झाकून ठेवायचा. पुन्हा तुडवायचा. पुन्हा ठेवायचा. मग लाटून कापायचा. हाताने मळून या शेवयांना तो चिवटपणा येत नाही. त्याला माणसाचं वजनच लागतं.

जयवंतकडे मिठाच्या पाण्याची तीव्रता मोजायची काचेची नळी होती. तापमान बघायचं यंत्र होतं. अकरा वह्या भरल्या होत्या. कोणत्या महिन्यात किती मीठ, किती वेळ, किती पावलं, सगळं त्यात होतं. ताइशो मीठ तळहातावर घेत, पाण्यात टाकत आणि बोट चाखून बघत.

रोज गिऱ्हाइकांसाठी ताइशोंचं पीठ, आणि बाजूला एक गोळा जयवंतचा. त्यातली एक शेवई ताइशोंच्या तोंडात, बाकीची कोंबड्यांना.

आणि परवा त्याचं विमान होतं. इथे राहायची मुदत संपली होती.

दुकानाच्या दारावर एक निळा पडदा असायचा. जाड सुती कापड, मधून चिरलेलं, त्यावर पांढऱ्या अक्षरात दुकानाचं नाव. शिष्य तयार झाला की गुरू त्याला तो पडदा देतो. मग त्याने जगात कुठेही दुकान काढावं, ते त्याच घरचं समजतात. पडदा मिळाला नाही, तरी शेवया करायला कोणी अडवत नाही. फक्त त्या कोणाच्या, हे सांगता येत नाही.

जयवंतला तो पडदा हवा होता. झोपेतसुद्धा हवा होता. कऱ्हाडला आईची बंद पडलेली खानावळ होती. तिथेच तो टांगायचा हे त्याने केव्हाच ठरवलं होतं. आई दर रविवारी फोनवर विचारायची, “झालं का रे शिकून?”

आणि तो म्हणायचा, “होत आलंय.”

“ताइशो,” जयवंत त्यांच्या मागोमाग आत गेला. “माझं काय चुकतंय ते तरी सांगा.”

“सांगतो की. रोज.”

“ते कोडं झालं.”

“कोडं?” ताइशोंनी सुमिएबाईंकडे पाहिलं. “मी याला कोडं घातलंय का गं?”

“मला तरी नाही वाटत,” सुमिएबाई म्हणाल्या. त्या रश्शासाठी सुक्या मासळीची डोकी मोडत होत्या.

“परवा मी जातोय.”

“माहीत आहे.”

“मग?”

ताइशो बराच वेळ गुडघा चोळत राहिले...

“उद्या लावणीचं जेवण आहे,” ते म्हणाले. “लवकर झोप.”

त्या मुलखात भाताची लावणी उरकली की जुलैच्या दोन तारखेला नव्या गव्हाचं उदोन खातात. ज्यांनी ज्यांनी चिखलात हात घातले त्या सगळ्यांना जेवायला घालायचं. त्यामुळे त्या दिवशी दुकानात माणूस मावत नाही. अख्खं गाव दमलेलं आणि अख्खं गाव भुकेलं.

सकाळी सहाला जयवंत आला, तर दार उघडं होतं आणि वर पडदा नव्हता. दार नुसतंच बोडकं दिसत होतं.

“पडदा कुठाय?”

“धुवायला काढला,” सुमिएबाई म्हणाल्या.

पडदा वर्षातून एकदाच धुतात, नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी. जयवंतच्या मनात पाल चुकचुकली. पण तेवढ्यात त्याला ताइशो दिसले. ते एका उलट्या टोपलीवर बसले होते, एक पाय पुढे लांब करून. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

“आज तू तुडव,” ते म्हणाले.

“माझा गोळा?”

“सगळे.”

“सगळे? ताइशो, तुम्हीच रोज म्हणता ना की त्यावर कोणी...”

“माणसं यायला लागतील,” ताइशो म्हणाले.

जयवंतने वही उघडली. नळी काढली. पहिल्या पाण्याची तीव्रता बरोब्बर जुळवली, पीठ भिजवलं, गोळा केला, गुंडाळला, चटई टाकली. आणि मग तो रोज जे करायचा ते त्याने केलं.

खाली वाकला. उजव्या हाताची बोटं चटईला लावली, आणि कपाळाला.

खानावळीत आईच्या पायाला भाताचं एक शीत जरी लागलं, तरी ती भरल्या हातानिशी वाकून नमस्कार करायची. अन्नाला पाय लागू द्यायचा नाही, आणि लागला तर माफी मागायची. हे जयवंतला कोणी शिकवलं नव्हतं. ते त्याच्या अंगातच होतं. इथे शेवया पायांनी तुडवतात, हे त्याने आईला आजवर सांगितलेलं नव्हतं. “मळतात,” एवढंच सांगितलं होतं. मध्ये प्लास्टिक असतं, चटई असते, हे सगळं खरं. पण फोनवर आईला चटई कशी समजावणार?

नमस्कार झाला. उजवा हात वर गेला आणि त्याने डोक्यावरची तुळई धरली. मग तो गोळ्यावर चढला.

पहिला गोळा. दुसरा. चौथा.

नऊ वाजता बाहेर रांग लागली. माणसं चिखलाच्या पायांनी आली होती. कोणाचे घोटे अजून ओले होते, कोणाची पाठ सरळ होत नव्हती. फारसं बोलत कोणीच नव्हतं. वाडगा घ्यायचा, दोन्ही हातांनी धरायचा आणि भुरके मारायचे. आतल्या खोलीत तुडवता तुडवता जयवंतला फक्त ते भुरके ऐकू येत होते.

ताइशो टोपलीवर बसल्या बसल्याच लाटत होते, कापत होते. सुमिएबाई उकळत्या पाण्यातून शेवया काढून गार पाण्यात धूत होत्या.

“कसं झालंय?” जयवंतने दारातून मान काढून विचारलं.

“वाडगे रिकामे येतायत,” सुमिएबाई म्हणाल्या.

“ते दमलेत हो. दमलेला माणूस काहीही खातो.”

“मग बरंच आहे की.”

जयवंतला ते लागलं. तो परत आत गेला. वाकला, नमस्कार केला, तुळई धरली, चढला.

अकरा वाजता उकाड्याने जीव नकोसा झाला. सदरा अंगाला चिकटला. आठव्या गोळ्याला वही उघडायची राहिली. नवव्याला नळी सापडेना, आणि ती शोधणं त्याच्या जिवावर आलं. मीठ तळहातावर घेतलं, पाण्यात टाकलं, बोट चाखलं. बरं वाटलं. पुढे गेला.

पायांचे तुकडे पडले होते. पण पायांपेक्षा खांदा जास्त ठणकत होता. उजवा. हे दुखणं जुनं होतं. सुमिएबाई त्यासाठी त्याला गेली दोन वर्षं औषधी पट्ट्या देत होत्या. तो त्या झोपताना लावायचा आणि मनातल्या मनात सुरीला दोष द्यायचा.

शेवटचा गोळा बाराच्या पुढे भिजवला. जयवंतने तो गुंडाळला, चटई टाकली आणि वाकायला गेला, तर पाठ वाकेना.

तो तसाच उभा राहिला.

“माफ कर बाबा,” तो पिठाला मराठीत म्हणाला. “आज नाही होत.”

आणि चढला. सवयीने हात वर गेला. तुळईपर्यंत पोचलाच नाही. मधूनच खाली आला, आणि अंगाला लागून लोंबकळत राहिला.

काम पायांचं, मग खांदा का दुखतो... हा विचार त्याच्या डोक्यात आला खरा. पण तो पूर्ण करायला लागणारं त्राणही त्याच्यात नव्हतं.

टाचा आत रुतल्या. इतक्या आत कधी रुतल्या नव्हत्या. आणि मग खालून त्या पिठाने त्याला हळूच वर ढकललं. गर्दीत मागच्याने पाठीला हात लावावा, तेवढंच.

तो पावलं टाकत राहिला. मोजत नव्हता. पडदा नको, असं त्याला वाटलं. विमान असेल उद्या तर असेल. आई विचारेल तर सांगू, नाही आलं. चाळीस माणसांवर ओरडत होतो, आणि एक गोळा जमला नाही, असं सांगू. त्याला रडायचं होतं. पण रडायलाही अंगात काही लागतं.

केव्हा उतरला, ते त्याला आठवत नव्हतं. गोळ्यावर ओलं फडकं टाकून तो भिंतीला टेकून बसला, आणि बसल्या बसल्या पुन्हा तुडवायची वेळ झाली. तो उठला, चढला, तुडवला, पुन्हा टेकला.

दोन वाजता रांग संपली. अकरा गोळे संपले होते. गाव जेवून घरी गेलं होतं.

“आपलं तिघांचं राहिलंय,” ताइशो म्हणाले. “काय उरलंय?”

“एक गोळा आहे,” जयवंत म्हणाला. “पण तो माझा...”

“आज सगळेच तुझे होते.”

जयवंतने तो लाटला. सुरी हातात धरवत नव्हती. शेवया कापल्या त्या कुठे जाड, कुठे बारीक. पुण्याच्या हॉटेलात कोणी अशा कापल्या असत्या, तर त्याने त्या माणसाला त्या दिवशी घरी पाठवलं असतं. त्याने त्या उकळत्या पाण्यात सोडल्या आणि स्टुलावर बसला. घड्याळ लावलंच नाही.

“झालं बघ,” सुमिएबाईंनी त्याला हलवलं तेव्हा तो डुलक्या घेत होता.

गार पाण्यात धुतलं. तीन वाडग्यांत वाढलं. वर गरम रस्सा, कांद्याची पात, किसलेलं आलं.

तिघं एका बाकावर ओळीने बसले आणि खायला लागले. जयवंतने आज ताइशोंच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला भूक लागली होती. मान खाली घालून तो भुरके मारत राहिला, बाहेरच्या त्या लावणीवाल्यांसारखाच.

अर्धा वाडगा झाल्यावर त्याच्या हातातल्या काड्या थांबल्या.

आपण चूक काढत नाही आहोत, हे त्याच्या लक्षात आलं.

त्याने हळूच शेजारी पाहिलं. ताइशोंचा वाडगा रिकामा होता. रस्सासुद्धा नव्हता. तळाला पातीचा एक तुकडा चिकटला होता.

मागच्या अंगणात कोंबड्या घमेल्याभोवती गोळा होऊन वाट बघत होत्या.

“खांदा कसा आहे?” ताइशोंनी विचारलं.

“तुटलाय,” जयवंत म्हणाला. सव्वीस महिन्यांत हे पहिलं खरं उत्तर होतं.

ताइशोंनी मान वर केली. जयवंतनेही केली. आतल्या खोलीतली ती तुळई बाकावरून नीट दिसत होती. वर्षानुवर्षांच्या धुराने काळी पडलेली. फक्त एका जागी, हाताच्या रुंदीएवढा भाग चकचकत होता.

“हे रोज दिसत होतं तुम्हाला?”

“हिलाही दिसत होतं,” ताइशो म्हणाले.

“म्हणून तर पट्ट्या देत होते,” सुमिएबाई म्हणाल्या.

“मग सांगायचं ना!” जयवंतचा आवाज चढला. मग तो उतरलाही, कारण चढवून ठेवायची ताकद नव्हती. “हात सोड, एवढंच सांगायचं होतं.”

“पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.”

जयवंतला आठवलं. खरंच सांगितलं होतं.

“तेव्हा तू हात सोडलास,” ताइशो म्हणाले, “आणि श्वास धरलास. वजन वरच राहिलं.”

बाहेर एक कोंबडी कंटाळून निघून गेली.

“आज माझा नमस्कार राहिला,” जयवंत म्हणाला. हे सांगताना त्याला लहान मुलासारखी लाज वाटली. “रोज चढायच्या आधी मी माफी मागतो. आमच्याकडे अन्नाला पाय लावत नाहीत. आज विसरलो नाही... वाकताच आलं नाही.”

जेवण झालं की त्या देशात रिकाम्या वाडग्याला हात जोडतात. ताइशोंनीही जोडले. नेहमीपेक्षा बराच वेळ जोडून ठेवले. मग तेच जोडलेले हात तसेच घेऊन ते बाकावर वळले, आणि जयवंतच्या पायांपुढे वाकले. पायांच्या बोटांत पीठ वाळून बसलं होतं.

“अहो! काय करताय!” जयवंतने पाय झटकन वर घेतले.

“राहिला होता ना,” ताइशो म्हणाले. “झाला.”

जयवंतला आता रडू आलं. जेवणाने तेवढी ताकद आली होती.

सुमिएबाई उठल्या. मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि बांबूवरून काहीतरी काढून घेऊन आल्या. त्यांनी ते बाकावर घडी घालून ठेवलं, तळहाताने दोनदा सपाट केलं. निळं, कडक वाळलेलं कापड होतं. उन्हाचा वास येत होता.

जयवंतने त्याला हात लावला नाही.

“हा तर तुम्ही सकाळीच धुतलात,” तो शेवटी म्हणाला. “मी यायच्या आधी. तेव्हा मी एक गोळासुद्धा भिजवला नव्हता.”

ताइशो गुडघा चोळत होते...

“मला हे जमेल, हे तुम्हाला सकाळी सहा वाजता कसं कळलं?”

“जमेल असं कुठे वाटलं होतं?” ताइशो म्हणाले. “दमशील, एवढं माहीत होतं.”